दोनशे चौसष्ट किलो जास्त

मंगळवारी, चार तारखेला, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी बंदरावरच्या चार नंबरच्या शेडमध्ये लोकरीच्या धाग्याच्या एकशे पंचवीस खोक्यांवर लाल चिठ्ठी लागली. चिठ्ठीवर दोनच शब्द होते, 'वजन जास्त'. खाली कस्टमच्या तपासनिसाची सही. शाई ओली होती म्हणून तो तिच्यावर फुंकर मारत होता.

कागदावर तीन हजार किलो होते. काट्यावर तीन हजार दोनशे चौसष्ट भरले.

"वरचे दोनशे चौसष्ट किलो कुठून आले?" तपासनिसाने विचारलं.

"हवेतून," माल मागवणाऱ्या बाई म्हणाल्या.

खोके लावणारे हमाल खो खो हसले. तपासनीस हसला नाही. त्याने पेनाचं टोपण लावलं. "मग हवेवर ड्यूटी भरा. किलोमागे जी आहे तीच."

बाईंना तो विनोद वाटला नव्हता. त्यांनी सरळ समजावून सांगायला सुरुवात केली. लोकर ओल पिते. ज्या गिरणीतून हा धागा आला ती थंड, कोरड्या डोंगराळ मुलखात आहे. तिथे शेगड्यांनी तापवलेल्या गोदामात तो कडकडीत सुकलेला असताना तोलला गेला. मग महिनाभर समुद्रावर, आणि अकरा दिवस या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. हाताला धागा कोरडाच लागतो, पण काट्याला ओल कळते.

"नऊ वर्षं माल तपासतोय मी," तपासनीस म्हणाला. "साखर कमी भरते, तेल गळतं, तांदूळ उंदीर खातात. प्रवासात अंग धरलेला माल आजच बघतोय. काय खायला घालता हो त्याला?"

"तुम्ही पाच खोके उघडलेत. मोजलेत ना?"

"मोजले."

"प्रत्येकात किती कोन निघाले?"

पुठ्ठ्याच्या शंकूवर दीड किलो धागा गुंडाळलेला असतो, त्याला या धंद्यात कोन म्हणतात. एका खोक्यात सोळा कोन, म्हणजे चोवीस किलो.

"सोळा."

"सोळाच असायला हवेत. मग जास्तीचा माल मी लपवला कुठे, पुठ्ठ्याच्या आत?"

पाच खोके म्हणजे पाच खोके, एकशे पंचवीस नव्हेत, एवढं तपासनीस मनात बोलला असेल. बाईंच्या शेजारी उभा असलेला त्यांचा धाकटा दीर तेवढ्यात म्हणाला, "वहिनी, इथे कशाला वाद? बाहेर चला." बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाईंचा स्वेटरांचा कारखाना होता. चौदा यंत्रं, बावीस माणसं. नवरा यंत्रांच्या सुया आणि मोटारी बघायचा आणि दिवसाकाठी दहा वाक्यं बोलायचा. दीर परदेशी गिरणीशी पत्रव्यवहार करायचा, कागद करायचा, कंपनीच्या वतीने सही करायचा. बाकी सगळं, म्हणजे ऑर्डर मिळवण्यापासून कामगारांची भांडणं सोडवण्यापर्यंत, बाईंच्या अंगावर होतं आणि ते त्यांनी कुणाला विसरूही दिलं नव्हतं.

या धाग्यावर किलोमागे ड्यूटी होती आणि ती जबर होती. देशातल्या लोकर गिरण्यांना संरक्षण म्हणून ती लावलेली होती. शेवटची गिरणी बंद पडून सात वर्षं झाली होती. ड्यूटी ठणठणीत होती. तयार स्वेटर बाहेरून आणला तर त्याच्यावर याच्या निम्मीही लागत नसे. म्हणजे इथे बसून विणणाऱ्याला दंड आणि आयता आणून विकणाऱ्याला सूट. बाईंनी यावर दोन अर्ज केले होते. दोन्हींची पोच मिळाली होती.

यंदा त्यांना सरकारी शाळांच्या मंडळाची आठ हजार स्वेटरांची ऑर्डर मिळाली होती. अठरा तारखेला पहिले पाचशे स्वेटर मंडळाच्या गोदामात पोचले नाहीत, तर ऑर्डर दुसऱ्या नंबरच्या बोलीदाराकडे जाणार होती. पाचशे स्वेटर विणायला आणि शिवायला पाच दिवस. म्हणजे तेरा तारखेच्या सकाळी तरी धागा यंत्रावर चढायलाच हवा होता. कारखान्यात जुना धागा उरला होता तो दोन दिवसांचासुद्धा नव्हता, आणि तोही निळा. मंडळाला राखाडी हवा होता.

हे सगळं दिराला ठाऊक होतं.

---

कस्टमच्या फाटकासमोर एका जिन्याखाली क्लिअरिंग एजंटची खोली होती. टेबल, तीन रबरी शिक्के, एक पंखा आणि भिंतीला टेकवलेले कागदांचे गठ्ठे. एजंटला सगळं बंदर मामा म्हणायचं. तो कुणाचाच मामा नव्हता, पण त्याने भल्याभल्यांना मामा बनवलंय असं हमाल सांगायचे. वीस वर्षं तो आयातदारांचे कागद घेऊन त्या इमारतीत जात होता आणि सह्या घेऊन बाहेर येत होता.

"ओल असो नाहीतर लोकर असो," मामा म्हणाला, "दोनशे चौसष्ट किलोंची ड्यूटी आणि वर दंड भरा. उद्या दुपारी माल ट्रकात चढवून देतो. नाही चढला तर हे शिक्के समुद्रात टाकेन."

"मी तर मघापासून तेच म्हणतोय," दीर म्हणाला.

"भरल्यावर ते वहीत काय लिहितात?" बाईंनी विचारलं.

मामाने पंख्याकडे पाहिलं. "लिहितात आपलं काहीतरी."

"काय लिहितात, मामा?"

"चुकीची घोषणा. कागदावर माल कमी दाखवला, आयातदाराने कबूल केलं. एवढंच. सगळ्यांच्या नावावर असते एखादी."

"माझ्या नावावर नाही. आणि मंडळाच्या करारात चौदावं कलम आहे. कस्टमच्या वहीत ज्याच्या नावावर चुकीची घोषणा असेल त्याची ऑर्डर रद्द. तुम्ही माल चढवून द्याल, पण तो विणून मी पांघरू काय?"

"कोण बघायला येतंय कलम?"

"दुसऱ्या नंबरचा बोलीदार बघायला येतोय. त्याचा माणूस आज सकाळी शेडच्या दारात बिडी ओढत उभा होता. तुम्ही त्याला हात केलात."

मामा हसला. "मी सगळ्यांना हात करतो, बाई. धंदा आहे."

दीर पुन्हा मध्ये पडला. "वहिनी, कलमाचं आपण बोलून बघू मंडळात. दंड भरून मोकळे होऊ. साहेब लोकांशी भांडून कुणाचा माल सुटलाय?"

"भाऊजी, तुम्हाला भांडायचं नसतं, बोलायचंही नसतं," बाई म्हणाल्या. "गेल्या खेपेला छत्तीस कोन भिजून कुजलेले निघाले तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात. सोडून द्या, वहिनी. चोपन्न किलो धागा! ड्यूटी भरलेला! तो मी उकिरड्यावर टाकला, आणि तुम्ही गिरणीला दोन ओळींचं पत्र टाकून हात झटकलेत."

"त्याचं इथे काय?"

"तुमच्या कण्याचं इथे काय, ते सांगतेय."

मामाने एक शिक्का उचलला, तळहातावर उगाच उमटवून पाहिला आणि म्हणाला, "वर अधीक्षकबाईंकडे जायचं असेल तर जा. पण तिथे मी नाही येणार. मला अजून पंधरा वर्षं तो जिना चढायचाय."

---

गुरुवारी, सहा तारखेला, सव्वादहा वाजता बाई अधीक्षकबाईंच्या खोलीत गेल्या. पिशवीत प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली राखाडी धाग्याची एक लडी होती. तपासनिसाने नमुना म्हणून फाडून ठेवलेल्या खोक्यातलाच धागा, त्याच्याच सहीने घेतलेला. कारखान्यात स्वेटर सुकवायचं गरम कपाट होतं. आदली दुपार ती लडी त्यात होती.

अधीक्षकबाई पन्नाशीच्या, किडकिडीत, समोरच्याचं बोलणं चालू असताना फायलीला गाठी मारणाऱ्या. खोलीच्या कोपऱ्यात टपाल तोलायचा छोटा काटा होता.

"अर्ज लिहून आणलाय?"

"अर्ज आणलाय. पण आधी हे तोला."

"हे टपाल आहे का?"

"मॅडम, तुमचा तपासनीस म्हणतो माल वाढत नाही. मी म्हणते वाढतो. तुमच्याच काट्यावर, तुमच्याच हवेत तोला. मी दाराबाहेर बसते. हातही लावणार नाही."

अधीक्षकबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की एखादीने पिशवी उचलून घरचा रस्ता धरला असता. बाई उभ्या राहिल्या. शेवटी शिपायाने प्लास्टिक सोडलं आणि लडी काट्यावर ठेवली. दोनशे ग्रॅम. अधीक्षकबाईंनी आकडा चिठ्ठीवर लिहून वेळ टाकली.

बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. शेजारी दीर. एक माणूस मोटारींच्या आरशांसाठी भांडत होता. आरसा काच म्हणून येतो की मोटारीचा भाग म्हणून, यावर त्याची ड्यूटी दुप्पट होणार की निम्मी हे ठरणार होतं, आणि ते ठरायला चार महिने लागले होते. दुसरा एक झोपला होता.

"वहिनी," दीर हळू म्हणाला, "समजा पाणी आहे हे त्यांनी मानलं. पुढे काय?"

"पुढे माल सुटतो."

"नाही, म्हणजे परत तोलणार का? सगळं?"

"तोलू देत. शंभरदा तोलू देत."

"आपण तेवढं नको मागूया."

"तुम्हाला का घाम फुटतोय?" बाई म्हणाल्या. "पंख्याखाली बसलाय."

पाऊण वाजता शिपायाने आत बोलावलं. काट्यावर दोनशे अठरा ग्रॅम होते. लडीला कुणी शिवलं नव्हतं. अधीक्षकबाईंनी काटा उचलून खाली पाहिलं, पुन्हा ठेवला, एक पेपरवेट तोलून पाहिला, मग लडी पुन्हा. दोनशे अठरा.

तपासनिसाला बोलावणं गेलं. त्याने आकडे वाचले. "मॅडम, दोनशे ग्रॅमची गोष्ट वेगळी. ही लडी मोकळी आहे. तिथे तीन टन घट्ट बांधलेला माल आहे. शिवाय एकदा ही सवलत दिली की उद्या कापूसवाला येईल, परवा कागदवाला येईल. सगळेच ओले होतील."

"तुमच्या शेडमध्ये पडून राहिले तर होतीलच," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला विचारलेलं नाही."

"माझ्या मालाला चोर म्हणालात तेव्हाही विचारलं नव्हतं."

अधीक्षकबाईंनी फायलीची गाठ सोडली, पुन्हा मारली. "हे बघा. सरकारी प्रयोगशाळेत नमुना पाठवला तर तीन आठवडे. तेवढे तुमच्याकडे नाहीत, ते अर्जात लिहिलंय तुम्ही. मी एक करू शकते. एकशे पंचवीस खोके एकेक करून तोलायचे. पाणी खोका निवडून शिरत नाही. सगळे सारखे वाढलेले निघाले, तर ती ओल, आणि माल मी त्याच दिवशी सोडते. कमी-जास्त निघाले, तर ओल नाही. मग पुढे मी ऐकून घेणार नाही. कबूल?"

"कबूल."

"लिहून द्या."

बाईंनी उभ्या उभ्या लिहून दिलं. कंपनीचा अधिकृत सही करणारा दीर होता, म्हणून त्याच्यापुढे कागद सरकवला. तो कागदाकडे बघत राहिला.

"वहिनी, जरा बाहेर..."

"सही करा."

"एक मिनिट नुसतं..."

"भाऊजी, इथे दोन परकी माणसं बसलीयत. घरची लाज राखा आणि सही करा."

दिराने सही केली. बाहेर जिन्यात तो पुन्हा काहीतरी बोलू लागला तेव्हा बाईंनी त्याला पायरीवरच थांबवलं. तीन दिवस हा माणूस मला मागे ओढतोय, त्या म्हणाल्या. मी एकटी बाई साहेबांच्या तोंडावर बोलून आले, आणि याचे पाय लटपटतायत. घरी जा आणि भावाच्या मागे सुया पुसत बसा. हे त्यांनी एवढ्या मोठ्याने म्हटलं की आरसेवाल्यानेही वळून पाहिलं.

दिराने जे सांगायचं होतं ते सांगितलं नाही. शुक्रवारी, शनिवारी, रविवारीही नाही. या तीन दिवसांत तो कारखान्यात आला नाही. ताप आहे असा निरोप होता.

---

सोमवारी, दहा तारखेला, सकाळी नऊला शेडच्या मधोमध काटा मांडला गेला. बाई, तपासनीस, मामा, चार हमाल, आकडे लिहायला एक कारकून. मामा आज स्वतःहून आला होता. वारा कुठून आहे ते बघायला, असं बाईंनी त्याच्या तोंडावर सांगितलं. दीर दारात उभा होता, ताप उतरला होता की नाही कळत नव्हतं. बिडीवाला माणूस बाहेर होताच.

रिकामा खोका ठेवून काटा शून्यावर आणला. मग पहिला.

"पंचवीस सातशे," कारकून ओरडला.

"पंचवीस सातशे."

"पंचवीस सहाशे."

"पंचवीस आठशे."

चोवीस किलोंच्या खोक्याला पावणेदोन किलोंच्या आसपास वाढ, आणि प्रत्येकात जवळजवळ तीच. दहा खोके झाले, वीस झाले. मामा बाईंच्या जवळ सरकला. "मानलं तुम्हाला. मी वीस वर्षांत ही युक्ती पाहिली नाही."

"युक्ती नाही. वजन आहे."

तीस झाले. तपासनिसाचा चेहरा उतरू लागला होता. बाईंनी कामगारांना उद्या सकाळी सातला यायचं सांगायला हवं असा विचार केला. यंत्रांच्या सुया राखाडीसाठी बदलाव्या लागणार नाहीत, त्याच जाडीच्या चालतील. मंडळाच्या माणसाला फोन. ट्रक.

"पंचवीस सातशे. चाळीस झाले."

"अठ्ठावीस नऊशे."

हमाल खोका उतरवायला वाकले होते. कारकुनाने हात दाखवला. "थांबा. परत ठेवा."

अठ्ठावीस नऊशे.

"काटा अडकला असेल," मामा म्हणाला.

पुढचा खोका ठेवला. अठ्ठावीस नऊशे. त्याच्या पुढचा, अठ्ठावीस आठशे. मग पुन्हा अठ्ठावीस नऊशे. कारकूनही आता ओरडत नव्हता. एक्केचाळीसपासून अठ्ठावन्नपर्यंत अठरा खोके. एकोणसाठावा पुन्हा पंचवीस सातशे, आणि तिथून शेवटपर्यंत सगळे पंचविसाच्या घरात.

बाईंना आकडा कळायला कागद लागला नाही. सव्वातीन किलो जास्त. ओल वजा केली की तीन. म्हणजे दोन कोन. अठरा खोके, छत्तीस कोन.

त्यांनी दाराकडे पाहिलं. दीर जमिनीकडे बघत होता.

तपासनिसाने घाई केली नाही. त्याने एक्केचाळिसावा खोका पुढे ओढला, पट्टी कापली, झाकण उघडलं. वरच्या थरावर दोन कोन आडवे दाबून बसवले होते, आणि त्यांच्यामध्ये गिरणीची छापील चिठ्ठी होती. ती त्याने मोठ्याने वाचली. "मागील खेपेतील खराब मालाबद्दल बदली. मूल्य नाही." मग अठरा कोन मोजून जमिनीवर ओळीने मांडले.

"बाई," तो म्हणाला, "हे पण हवेतून?"

या वेळी हमाल हसले नाहीत. बिडीवाला हसला.

बाई दारापर्यंत चालत गेल्या. "कुणी सांगितलं गिरणीला?"

"मी," दीर म्हणाला.

"कागदावर का नाही?"

"कागदावर टाकलं असतं तर पुन्हा ड्यूटी लागली असती. त्या छत्तीस कोनांची एकदा भरलीय आपण. कुजलेल्या मालाची भरलीय. एकाच मालावर दोनदा कशाला? तुम्हीच तर म्हणायचात."

"मी म्हणायचे, लुटतात. चोरून आण असं म्हणाले होते?"

"तुम्ही म्हणालात, मला माझे छत्तीस कोन परत हवेत, कसे ते तुम्ही बघा. बघितलं मी."

"आणि गुरुवारी तोंड शिवलं होतं?"

"उघडू दिलंत? जिन्यात चार लोकांसमोर कुत्र्यासारखं हाकललंत."

"अरे, मूर्खा, तुला सही करताना तरी..." बाई थांबल्या. सतरा वर्षांत त्यांनी दिराला कधी अरेतुरे केलं नव्हतं. दिराने मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर आता ओशाळलेपण नव्हतं.

"बोला," तो म्हणाला. "बोला की अजून. कंपनीचा सही करणारा मी, आणि मी मूर्ख. हे साहेबांना लिहून द्या."

आत कारकुनाने बेरीज केली. तीन हजार दोनशे सत्तर. मंगळवारपासून माल सहा किलोंनी वाढला होता. बाई म्हणत होत्या ते खरंच होतं, लोकर ओल पीत होती. दोनशे सोळा किलो नुसती ओल होती. ते आता कुणी विचारत नव्हतं.

मामाने छत्री उचलली. जाताना तो बिडीवाल्याशी थांबून दोन शब्द बोलला, बाईंच्या देखत.

---

मंगळवारी अधीक्षकबाईंनी बाईंना बसायला सांगितलं नाही.

"तुम्हीच लिहून दिलं होतंत."

"एकशे सात खोके बरोबर आहेत, मॅडम. ते सोडा. अठरा ठेवा."

"एकाच घोषणेतला माल आहे. पण," त्यांनी फाईल उघडली, "एक तरतूद आहे. मालकाच्या माहितीशिवाय, नोकराने किंवा प्रतिनिधीने परस्पर केलं असेल, तर ठपका त्या माणसावर व्यक्तिशः. कंपनीच्या नावावर नाही. मग एकशे सात खोके सुटू शकतात. त्या माणसावर खटला होईल. तसा जबाब द्यावा लागेल. आणि तो पटावा लागेल."

बाईंनी नवऱ्याला विचारलं नाही. जबाब त्याच खोलीत, त्याच टेबलावर लिहिला. दिराने गिरणीला माझ्या नकळत कळवले. मला सोमवारी शेडमध्ये प्रथम समजले. माझ्या अर्जावरूनच प्रत्येक खोका तोलला गेला, माहीत असते तर मी तो अर्ज केला नसता. शेवटचं वाक्य त्यांनी अधोरेखित केलं. ते खरं होतं आणि वजनदार होतं.

बुधवारी, बारा तारखेला, दिराने आपला जबाब दिला. त्यात गेल्या खेपेच्या दिवसाचं वर्णन होतं. कुजलेले कोन कारखान्याच्या अंगणात पसरले होते, वहिनी उभ्या होत्या, मोठे बंधू मोटार उघडून बसले होते. वहिनींनी स्पष्ट सांगितलं की कोन परत आण, कागदावर येता कामा नयेत. मी घरातला लहान. मी हुकूम पाळला.

अधीक्षकबाईंनी दोन्ही कागद बाईंपुढे शेजारी शेजारी ठेवले.

"'कागदावर येता कामा नयेत,' असं म्हणालात?"

"नाही."

"मग तो खोटं बोलतोय."

"हो."

"'कसे ते तुम्ही बघा,' असं म्हणालात?"

बाई म्हणाल्या, "रागात माणूस काहीही म्हणतो."

"म्हणजे म्हणालात." अधीक्षकबाईंनी ते टिपून घेतलं. "तिथे तिसरं कोण होतं?"

"माझे यजमान."

"त्यांना उद्या घेऊन या. ते जे सांगतील ते धरेन."

त्या संध्याकाळी घरी जेवणं झाली. दीर-जाऊ पलीकडच्या खोल्यांत होते. मधलं दार लावलेलं होतं. बाईंनी नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला आठवतंय ना मी काय म्हणाले होते?"

"आठवतंय," तो म्हणाला.

"काय?"

त्याने हाताला लागलेलं यंत्राचं तेल फडक्याने पुसलं. "तुम्ही दोघंही मला आज हेच विचारताय."

"तो येऊन गेला?"

"दुपारी."

"काय म्हणालात त्याला?"

"तुला सांगितलं तेच. आठवतंय."

बाईंनी त्याला चार गोष्टी ऐकवल्या: बावीस माणसं, सतरा वर्षं, आठ हजार स्वेटर, आणि तुमचा भाऊ आयुष्यभर माझ्या जिवावर बसून खातोय. चौथी गोष्ट त्यांनी मुद्दाम मधल्या दाराकडे तोंड करून सांगितली. पलीकडून भांडं आदळल्याचा आवाज आला.

गुरुवारी, तेरा तारखेला, यंत्रावर धागा चढायला हवा होता त्या सकाळी, चौदाही यंत्रं बंद होती. कामगार येऊन बसले होते. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. मंडळातून फोन आला आणि अठरा तारीख बदलणार नाही एवढं सांगून बंद झाला. शेडमध्ये तपासनिसाने नियमाप्रमाणे माल पुन्हा तोलला. तीन हजार दोनशे त्र्याहत्तर.

दुपारी तीनला नवरा अधीक्षकबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसला. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला दीर. आरसेवाला आजही आला होता.

चार वाजून दहा मिनिटांनी शिपायाने नाव पुकारलं. नवरा उठला, दोघांकडेही न बघता आत गेला, आणि शिपायाने दार लोटून घेतलं. पाच वाजता कचेरी बंद झाली तेव्हा तो अजून आतच होता.